वीत आणि चार बोटं

मित्रांनो, मी एक जुनी जांभळाची फळी आहे. लांबी म्हणाल तर वीत आणि चार बोटं. एवढ्याशा लाकडाचं कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यापुढून भल्याभल्यांच्या नावा मागं फिरल्या आहेत, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझी उमेदीची वर्षं कृष्णेच्या पाण्यात गेली. सांगलीच्या खाली एका घाटावर साळूबाई भोई राहायची. तिच्या नवऱ्याच्या नावेच्या तळात मी होते. नवरा वारला, नाव घाटावर पालथी पडली आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. ते दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत.

त्याच सुमारास बहात्तरचा दुष्काळ पडला. गावोगाव विहिरी निघाल्या आणि त्यांच्याबरोबर सुरुंगाच्या कांड्या आल्या. कुणीतरी एक कांडी डोहात टाकून बघितली. जाळं विणायला नको, वाट बघायला नको, मासा आपोआप वर. पण कांडीला लहानथोर कळत नाही. बोटभर पिल्लंही पांढरी पोटं वर करून तरंगायची. दोन वर्षांत डोह ओस पडू लागले. साळूबाई घाटावर उतरलेले मासे घेऊन, ते विकून जगणारी बाई. डोह मेला की आपली चूल विझली, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

खालच्या घाटावर तिच्यासारखेच मासे उतरवून घेणाऱ्या केरबाला ती म्हणाली, "नदीवर पाळत कुठवर ठिवायची? मासा कुटंबी मारू द्या, इकायला घाटावरच उतरतोय न्हवं? तितंच आडवू."

केरबाला ते पटलं. पण दोन घाट बंद झाले तर नावा तिसऱ्या घाटाला जाणार, आणि तिसरा घाट सीमेपलीकडं. त्या राज्याला नुकतंच कर्नाटक नाव मिळालं होतं आणि सीमेवरून दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली होती. तरी साळूबाई पलीकडच्या घाटावर मासे घेणाऱ्या बाळप्पाकडं गेली. म्हातारा बाळप्पा हसून म्हणाला, "माशाला कुटं ठावं हाय बाई, ह्यो कुणाचा मुलूख? मी हाय तुमच्यासंगं."

ठरलं. मरळ, शिवडा असा मोठ्या जातीचा मासा वीत आणि चार बोटांहून आखूड असेल तर तिन्ही घाटांवर उतरू द्यायचा नाही. बारीक जातीच्या माशांना सूट.

आता गंमत ऐका. वीत कुणाची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या जो तो आपल्या हातानं मापणारा. केरबाचा पंजा सुपाएवढा, साळूबाईचा हात लहान. केरबानं परत लावलेला मासा साळूबाईच्या घाटावर बिनदिक्कत उतरायचा. महिन्याभरात सगळ्या नावा तिच्याकडं लोटल्या. केरबा चिडला. "साळू आमच्या नावा पळवती," असं तो चारचौघांत बोलला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. तिथं तर घर अजून बांधून व्हायचं होतं.

साळूबाईला ते फार लागलं. पण ती भांडली नाही. तिनं जोतीराम सुताराला बोलावलं आणि नवऱ्याची नाव उघडायला लावली. केरबाला आणि बाळप्पालाही बोलावून घेतलं. बाळप्पाचा हात ना मोठा ना लहान, म्हणून वीत त्याची धरली. एकाच फळीतून सारखे तीन तुकडे पडले. त्यातली मी एक, साळूबाईच्या घाटाची; माझ्या दोघी बहिणी दुसऱ्या दोन घाटांवर गेल्या. करवत लागताना दुखलं, खोटं कशाला सांगू? पण कोंबड्यांपासून सुटका झाली.

खरी परीक्षा पुढंच होती. एका सकाळी साळूबाईचा धाकटा भाऊ अर्जुना पाटी भरून मरळ घेऊन आला. साळूबाईनं एकेक मासा माझ्यावर ठेवला. एकाचीही शेपटी माझ्या टोकाला पोचत नव्हती. सगळे सुरुंगाचे.

"आक्का, भावालाबी फळी लावतीस व्हय?"

"भावाला पयली लावती. तुला सोडला तर उंद्या कुणाला आडवू?"

अर्जुना नाव घेऊन खाली गेला. केरबाच्या घाटावर माझ्या बहिणीनं त्याला परत लावलं. सीमा ओलांडून तो बाळप्पाकडं गेला. तिथं भाषा बदलली, पण फळी तीच. दिवस मावळायच्या आत तो वास मारणारी पाटी घेऊन परत आला. साळूबाई घाटावरच बसून होती. सकाळपासून तिच्याही पोटात अन्न नव्हतं. तिनं ते मासे वांग्यांच्या आळ्यांत पुरायला लावले आणि भावाला भाकरी वाढली.

भाकरी मोडता मोडता अर्जुना म्हणाला, "तिन्ही घाटांवर येकच बोलणं. लय लाज वाटली गं."

मित्रांनो, त्या दिवसापासून त्याच्या हातात पुन्हा जाळं आलं. दोन-तीन पावसाळे गेले. डोहांत पुन्हा मासा दिसू लागला. एकदा अर्जुनानं आणलेल्या मरळीची शेपटी माझ्या टोकाच्या पुढं चांगली हातभर लोंबली. साळूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मला तर त्या मरळीचं ओझं फुलासारखं वाटलं.

दर चैत्रात आम्ही तिघी बहिणी एकत्र येतो आणि आमची मापं ताडून बघतात. यंदा मी सुतभर आखूड भरले. साळूबाईनं घासून घासून मला झिजवलं होतं. माझ्या जागी जोतीरामनं नवी फळी दिली. आता पुन्हा कोंबड्या, असं मनात आलं. तेवढ्यात अर्जुनानं मला उचललं.

"आक्का, ही मला दे. घाटावर परत लावलेला मासा मेलेलाच आसतोय. मी नावंतच मापीन, म्हंजी जित्ता सोडता यील."

"झिजलीया ती. सुतभर जास्त धर."

आता मी पुन्हा नावेत आहे. मला जपा असं मी म्हणत नाही, लाकूड झिजायचंच. तुमच्या हाती मोजायचं काम आलं, तर आपल्या माणसाला आणि परक्याला एकच फळी लावा. आज सकाळी अर्जुनानं एक शिवडा माझ्यावर धरला. शेपटी टोकाच्या आत राहिली. घाटावर कुणीही बघत नव्हतं. त्यानं हात पाण्यात घातला आणि मासा वळवळत निघून गेला.