चांदभाईंच्या अल्बममधल्या रिकाम्या चौकटी

मी एक जुना तिकिटांचा अल्बम आहे, पण मित्रांनो, मी दुकानातून आलेलो नाही. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात चांदभाई राहतात. आयुष्यभर त्यांनी शाळांचे हजेरीपट आणि लोकांची फाटकी पुस्तकं बांधली. त्या कामात उरलेल्या कागदांतून त्यांनी मला घडवलं. सुईनं टोचलं, दोऱ्यानं शिवलं, शिकंज्यात दाबलं आणि अंगावर हिरवं कापड चढवलं. जन्म असा उरल्यासुरल्यातून झाला, तरी लाड पहिल्या लेकरासारखे झाले.

टपालाचं नवं तिकीट निघालं की चांदभाई पूल ओलांडून पोस्टात जायचे. वर्षात निघतील तेवढी सगळी घ्यायची, एकही सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. घरी आले की हात धुवायचे, पेन्सिलीनं चौकट आखायचे आणि तिकिटामागे खळ लावायचे. खळ त्यांच्या धंद्यातलीच. शिजवलेल्या मैद्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. ओलं तिकीट अंगाला टेकलं की मला गार वाटायचं. पक्षी आले, आगगाड्या आल्या, किल्ले आले. गल्लीतली मुलं ओट्यावर जमायची. "चांदचाचा, तो मोर काढा ना." मग मी पानापानानं फुलायचो.

पुढे हजेरी मोबाइलवर गेली. पुस्तकं बांधायला कुणी आणीना. आणि नेमकी तेव्हाच नवी तिकिटं महाग होत गेली, वरचेवर निघू लागली. पूर्वी सुटं तिकीट मिळायचं. आता पुष्कळदा मिनिएचर शीट निघते, म्हणजे तीन-चार तिकिटांचा एकच चित्राचा कागद. एक घ्यावी तोवर दुसरी आलेली. चांदभाईंनी बाहेरचा चहा सोडला, रिक्षा सोडली. नेम तेवढा सोडला नाही.

त्यांची मुलगी सदफ शिवणकामावर घर चालवते. ती एकदा म्हणाली, "अब्बा, जुनी थोडी विका. त्यात नवी येतील."

"माझ्या हातानं विकू?"

"माझ्या हातानं विकते. तुम्ही डोळे मिटून बसा."

चांदभाई हसले. मला रुमालात बांधून दोघं जळगावच्या एस.टी.त बसले. मागची दोन पानं जातील, पण पुढची भरतील, असं मी मनाला समजावत होतो.

जळगावात रोहिदासभाऊ जुनी तिकिटं विकत घेतात. चिमट्यानं ते एका तिकिटाचा कोपरा उचलायला गेले. कोपरा हलेना.

"चांदभाऊ, बठ्ठं चिटकाडी टाकं का तुम्ही?"

"पक्कं काम आहे. तुमच्या नातवापर्यंत हलायचं नाही," चांदभाई कौतुकानं म्हणाले.

रोहिदासभाऊंनी चिमटा खाली ठेवला. "तेच तर झालं ना, भाऊ. कोऱ्या तिकिटाचा मागचा डिंक होता तसा लागतो. आम्ही प्लास्टिकच्या पट्टीत नुसतं खोचतो. याला गिऱ्हाईक नाही."

"पाण्यात सोडवली तर?"

"तिकीट सुटेल. डिंक कुठून आणाल?"

चांदभाई आपल्या बोटांकडे पाहत राहिले. सदफ हळूच म्हणाली, "बांधणाऱ्याचा हात आहे, काका. त्याला सैल ठेवणं जमत नाही."

मी सगळं ऐकत होतो. इतक्या मायेनं धरलेल्या त्या तिकिटांतलं एकही मला सोडून देता आलं नाही.

त्यानंतर फुलपाखरांची शीट निघाली. चांदभाई मला पिशवीत घालून पोस्टात गेले. खिडकीत ज्योत्स्नाताई होत्या.

"ताई, यातलं एकच मिळेल?"

"चाचा, ही फाडून देता येत नाही हो."

"मग नुसती दाखवता?"

मागे रांग होती, तरी ताईंनी शीट काचेला लावून धरली. चांदभाईंनी वितीनं माप घेतलं. घरी येऊन त्यांनी माझ्या पानावर तेवढीच चौकट आखली, खाली लिहिलं, "फुलपाखरं, चार." खळ शिजवली नाही. तेव्हापासून माझ्यात अशा सहा चौकटी झाल्या आहेत. नावं आहेत, आत काही नाही.

परवा दुपारी मशीन थांबवून सदफनं मला उघडलं. फुलपाखरांच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "कशी होती ही, अब्बा?"

चांदभाई सरसावून बसले. "पहिलं निळं, काठाला काळं. दुसरं वाळल्या पानासारखं, मिटलं की दिसायचंच नाही. तिसरं पिवळं."

"आणि चौथं?"

ते माझ्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. "चौथं आठवत नाही, बेटा."

मित्रांनो, चौथं मलाही ठाऊक नाही. मी पिशवीत होतो. तुमच्या घरी कुणी काही जमवत असेल, तर ते केवढ्याचं आहे हे मागाहून विचारा. आधी शेजारी बसा आणि दाखवायला सांगा. त्यांना आठवतं आहे तोवर.