दादाच्या कमरेइतका काठ

मित्रांनो, मी एक जुनी कचरागाडी आहे. नाकाला रुमाल लावू नका, आता मी रिकामी आहे. डेपोच्या मागच्या कुंपणाला टेकून उभी असते. माझ्या कुशीला एक रुंद दार आहे आणि दाराच्या काठाखाली जोडाची एक वाकडी रेघ आहे. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

माझ्या आधीच्या गाड्या वरून उघड्या असत. एक माणूस कचऱ्याच्या ढिगावर उभा राहायचा आणि खालचा माणूस भरलेला डबा डोक्यावर उचलून त्याच्या हातात द्यायचा. वर्षानुवर्षं हेच करून एका कामगाराचा उजवा खांदा कामातून गेला. हात खांद्याच्या वर जाईना. भांग पाडायचा तर तो मान खाली घालून डोकंच हाताजवळ आणायचा. गाड्या बांधणाऱ्या वर्कशॉपचा मिस्त्री त्याचा धाकटा भाऊ. तो त्याला दादा म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले.

ऑफिसने दादाला घरी बसायला सांगितलं. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. मिस्त्रीने साहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी साहेब म्हणाले, तुझ्या पद्धतीची एक गाडी बांध, दादाला ती भरता आली तर तो राहील. ती गाडी म्हणजे मी.

मिस्त्रीने माझं डोकं पत्र्याने झाकलं आणि दार बाजूला घेतलं. दादाला वर्कशॉपसमोरच्या उंच फूटपाथवर उभं केलं, हातात भरलेला डबा दिला आणि त्याच्या कमरेशी माझ्या पत्र्यावर खडूने रेघ ओढली. पण काठ इतका खाली म्हटल्यावर कचरा दाराशीच साचणार. म्हणून माझ्या पोटात एक जाड पोलादी फळी बसवली. दांडा ओढला की ती तेलाच्या दाबाने सरकते आणि कचरा मागे ढकलते. ती नीट सरकेपर्यंत मिस्त्रीला जेवणाची शुद्ध नव्हती आणि त्याबद्दल त्याने बायकोची बोलणीही खाल्ली.

चाचणीच्या दिवशी साहेब स्वतः आले. मोठ्या रस्त्यावर सगळं झकास झालं. मग आम्ही एका गल्लीत वळलो. तिथे फूटपाथच नव्हता. दादा खाली रस्त्यावर उभा राहिला आणि माझा काठ त्याच्या छातीशी आला. फूटपाथची उंची मिस्त्री साफ विसरला होता. दात आवळून दादाने डबा उचलला, तो काठाला अडला आणि सगळा कचरा त्याच्याच अंगावर सांडला. साहेब आपल्या मोटारीत बसायला निघाले.

“चूक माझ्या मापाची आहे साहेब, त्याच्या हाताची नाही,” मिस्त्री म्हणाला. “उद्या सकाळी याच गल्लीत बघा.”

साहेब थांबले आणि हो म्हणाले. त्याच दुपारी माझा काठ कापला गेला. मी नवी कोरी होते, मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? या वेळी माप घेताना दादा रस्त्यावर उभा होता. घाईत जोड वाकडा बसला, पण काठ बरोबर त्याच्या कमरेशी आला. दुसऱ्या दिवशी त्याने त्या गल्लीतला सगळा कचरा माझ्यात भरला.

दादा कामावर राहिला. माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या निघाल्या आणि कौतुकाने मी जरा शेफारलेच. पुढे पोलादी हाताच्या गाड्या आल्या. ड्रायव्हर जागेवरून बटण दाबतो आणि तो हात डबा उचलतो, कुणाचाच खांदा दुखत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो, पण राग येत नाही. मी मात्र इथे गंजत पडले आहे आणि त्याचं दुःख होतं.

मित्रांनो, डबा भरताना तो कुणीतरी उचलणार आहे हे आठवा. उद्या तुम्ही काही बनवाल, तेव्हा ते वापरणाऱ्याला बोलवा आणि तो रोज जिथे उभा राहतो तिथे जाऊन माप घ्या.

दादा निवृत्त झाला त्या दिवशी फाटकाशी सगळ्यांनी हात उंचावून त्याला निरोप दिला. त्याचा हात काही वर जाईना. तो ओशाळला आणि मागे माझ्याकडे आला. वाकड्या रेघेवर तळवा ठेवून त्याने माझा निरोप घेतला. तिथे त्याला हात वर करावा लागला नाही.