म्हातारा अकरा वेळा मेला

भिंती हे काही तिचं खरं नाव नव्हे. नऊ वर्षं ती एका मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली मांगाची, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथांची, पार्श्वभूमी काढत होती: भिंती, जिने, झाडं, लांबचे डोंगर. माणसं तो काढायचा आणि पुस्तकावर नावही त्याचंच यायचं. म्हणून सगळे तिला भिंती म्हणायचे आणि तीही मुकाट ओ द्यायची.

स्वतःच्या नावाची आठ पानं तिला पहिल्यांदा मिळाली ती एका संग्रहात. 'धुक्याचा किल्ला' या व्हिडिओ गेमचे पाच भाग निघाले होते, आणि त्यावर बारा चित्रकारांनी बारा कथा काढायच्या असा बेत होता. अकरा जण नावाजलेले. बारावी ही, कारण मूळच्या बाराव्याने मनगट दुखतंय म्हणून ऐनवेळी हात वर केले होते. आठ पानं म्हणजे फार नाही, पण नऊ वर्षं डोंगर काढणाऱ्या बाईला ती पुष्कळ वाटतात.

गेमच्या कंपनीने नियमांची यादी पाठवली होती. कलमं एक्केचाळीस. नायकाला जखम होता कामा नये, त्याचं लग्न होता कामा नये, वय तर अजिबात वाढता कामा नये. नायिकेचे केस खांद्याखाली बरोबर चार बोटं. खलनायकाने हसावं, पण दात दाखवू नयेत. घोड्याला घाम येऊ नये. एवढं सांभाळून गोष्ट सांगा म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगण्यातलाच प्रकार.

पण ते अकरा जण पडले हुशार. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून यादी खालपासून वरपर्यंत वाचली, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सापडली. किल्ल्याच्या दरवाजाशी औषधं विकणारा म्हातारा यादीत नव्हता. पाचही भागांत तो एकच वाक्य बोलतो, "सांभाळून जा, विकलेला माल परत घेतला जाणार नाही." त्याचं काहीही केलेलं चालणार होतं. म्हणून अकराही जणांनी त्याला मारलं.

एकमेकांना न विचारता, बरं का. या धंद्यात कच्ची पानं कुणी कुणाला दाखवत नाही, कल्पना चोरीला जाईल ही धास्ती. आता यात चोरण्यासारखं काय होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

संपादकबाईंनी सगळी पानं लांब टेबलावर ओळीने मांडली तेव्हा छपाईला चार दिवस उरले होते. म्हातारा तापाने गेला, विहिरीत पडून गेला, स्वतःचंच औषध चाखून गेला, दगड होऊन गेला. दोघांनी तर त्याला एकाच पुलावरून ढकललं होतं, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून. प्रत्येकाच्या पानांसोबत एक चिठ्ठी होती, 'जरा धाडसी प्रयोग केला आहे.' बाईंनी अकराही चिठ्ठ्या वाचल्या आणि उठून पाणी प्यायल्या.

भिंतीच्या पानांत म्हातारा मरत नव्हता. तसं तो दुसरंही काही करत नव्हता. कुलूप काढतो, फळी पुसतो, बाटल्यांची तोंडं एका ओळीत लावतो, पायरी झाडतो आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघतो. संपली गोष्ट. यात काही घडतच नाही म्हणून बाईंनी ती पानं परत पाठवायचं आदल्या आठवड्यातच ठरवलं होतं.

हे सगळं तिने कुठून उचललं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या बाबांचं अडतीस वर्षं कुलपं-खिळ्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं. तेव्हापासून बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत आणि खुर्चीत बसत. जायचं कुठेच नसे. बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. भिंतीला ते बघवत नसे, म्हणून तिने ते काढलं.

इकडे कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, की म्हातारा गेमच्या येणाऱ्या सहाव्या भागात आहे, तेव्हा पुस्तक संपताना तो जिवंत हवा. बाईंनी अकराही जणांना फोन केले. बदलायला हरकत नाही, पण बाकीच्या दहांनी बदलावं, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. अडला हरी म्हणतात तशी बाईंची गत झाली. त्यांनी भिंतीला बोलावून घेतलं. पानं घेते म्हणाल्या, पण शेवटी एक चमत्कार घाल, वीज पडू दे, म्हातारा का जगला ते कळू दे. नसेल जमत तर त्या आठ पानांवर जाहिराती जातील.

डोंगर डावीकडे घे म्हटलं की भिंती डोंगर डावीकडे घ्यायची. नऊ वर्षांत तिने कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. आठ पानं हातची जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो उठतो आणि दुकान उघडतो. रोजच उघडतो, त्याला वीज कशाला लागते? माझी पानं फक्त शेवटी लावा."

बाईंनी ती पानं उचलून अकरा मरणांच्या शेवटी ठेवली आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पुन्हा वाचत गेल्या. शेवटाला पोचल्यावर त्यांनी नाक शिंकरलं, सर्दी झाल्याचं सांगितलं आणि पानं छापायला पाठवली.

पुस्तक निघालं. कंपनीने यादीत बेचाळिसावं कलम घातलं, 'म्हाताऱ्याला मारू नये.' वरातीमागून घोडं, दुसरं काय.

घरी बाबांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकेक मरण ते खालमानेने वाचत गेले, पुलावरच्या दोन्हींसकट. शेवटच्या आठ पानांवर मात्र त्यांचा हात मंदावला. कुलपाच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. बाटल्यांच्या ओळीवरही ठेवलं. भिंती दाराशी उभी होती, आणि बाईंना नाही म्हणतानाही वाटली नव्हती एवढी भीती तिला आत्ता वाटत होती.

"गिऱ्हाईक येतच नाही का?" बाबांनी विचारलं.

"पानं संपली, बाबा. आठच होती."

बाबांनी चित्रातल्या सावल्या नीट न्याहाळल्या.

"मग येईल," ते म्हणाले. "आत्ता कुठे नऊ वाजलेत. साडेनऊच्या आत कोण येतंय?"