तिसऱ्या जागेचा आकडा

"एकसुद्धा नाही?" नूतनने विचारले.

"न्हाई. ह्यो धावा धोंडा."

सगुणाबाईने हातातला दगड होता त्याच कुशीवर पाण्यात परत ठेवला. उचललेला दगड तसाच परत ठेवायचा हा तिचा नेम होता, कारण त्याखाली कुणाचे तरी घर असते. आज मात्र दहाही दगड राखेने घासलेल्या भांड्यांसारखे लख्ख निघाले होते.

काठावर बसलेल्या नूतनने वहीत शून्य लिहिले आणि पेन तसेच धरून ती पाण्याकडे बघत राहिली. पुण्याच्या एका संस्थेत ती ओढ्यांतल्या किड्यांवर संशोधन करत होती. पाण्यात कोणते किडे जगतात यावरून पाण्याची तब्येत कळते, आणि वरचे रान शाबूत असले तर खालच्या गावांना काय काय मिळत राहते, हे तिला आकड्यांत मांडायचे होते. त्यासाठी वेल्ह्याच्या डोंगरातल्या या ओढ्यावर तिने तीन जागा ठरवल्या होत्या. पहिली वर रानात, दुसरी धनगरवाड्याच्या खाली, आणि तिसरी त्याहून खाली, जिथे आता रिसॉर्टची भिंत उभी राहिली होती. दर महिन्याला प्रत्येक जागी दहा दगड उचलायचे, पांढऱ्या थाळ्यात झटकायचे, मोजायचे. नूतन लिहायची. दगड उचलायचे आणि मोजायचे काम अकरा वर्षे सगुणाबाई ढेबे करत होती.

तिचे माहेर भोरच्या बाजूला, वरंध घाटाजवळच्या वाडीत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती या वाड्यावर आली ती म्हशींच्या मागे चालतच. नवरा गेनू तापाने गेला तेव्हा पोरगा धनाजी कडेवर होता. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. ती विसाने मोजायची. आज पहिल्या जागी तिने "सात विसा" म्हटले आणि नूतनने एकशे चाळीस लिहिले. किड्यांना तिने स्वतःची नावे दिली होती. तीन शेपट्यांचा तो तीनशेपट्या, खड्यांचे कवच शिवून त्यात राहणारी ती घरकरीण, दगडाला चिकटून बसणारी ती टिकली. नूतनच्या वहीच्या शेवटच्या पानावर ही नावे होती आणि त्यांच्यासमोर शास्त्रातली लांबलचक नावे. एकदा सगुणाबाईला घरी गेल्यावर आठवले की एक घरकरीण आपण दोनदा मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगर उतरून वेल्ह्याला गेली, दुकानातून फोन लावला आणि एक कमी करायला सांगितले. तेव्हापासून नूतनने तिचा आकडा पुन्हा तपासला नव्हता.

"ताई, हिकडं बघा."

या तिसऱ्या जागच्या डोहाच्या कडेला सात खेकडे उताणे पडले होते. त्यांच्या अंगावर कसलीही जखम नव्हती. नूतनने बाटलीत पाणी भरून घेतले, बाटलीवर तारीख घातली. मग ती म्हणाली, "रिसॉर्टचं सांडपाणी घाणेरडं आहे हे मला माहीत आहे. पण त्यानं किडे हळूहळू कमी होतात. हे एकदम झालंय. मावशी, मागच्या आठवड्यात इथं कुणी काही फवारलं होतं का? काही धुतलं होतं?"

सगुणाबाई थाळा विसळत होती.

"न्हाई," ती म्हणाली.

चार दिवसांपूर्वी धनाजीने याच डोहात अकरा जनावरे धुतली होती. पावसाळा सरला की गोचीड मातते. म्हशींच्या कासेला, कानांत बोरांएवढाल्या गोचिडी लटकलेल्या होत्या. नसरापूरच्या दुकानातून आणलेले औषध बादलीत कालवून त्याने ते जनावरांच्या अंगाला चोळले, मग जनावरे पाण्यात घातली, आणि शेवटी बादलीही तिथेच धुतली. पारडाचे दावे सगुणाबाईने धरले होते.

नूतनची गाडी गेल्यावर ती वर आली तेव्हा अंगणात वॉर्डाचा मेंबर संपत बसला होता. खेकडे मेल्याची बातमी तिच्या आधी वाड्यावर पोचली होती. सून कोमल चहा ठेवत होती. धनाजी उंबऱ्यात उभा होता.

"मावशे, आता गावलं बघा," संपत म्हणाला. "तीन वर्सं झाली वाट बंद करून. किती अर्ज केलं? कुनी हिंग लावून इचारलं न्हाई. आता वड्यात इख कालवलं म्हनल्यावर तहसीलला यावंच लागंल. पंचनामा हुईल. मंग म्हनू, आधी वाट मोकळी करा, मंग बाकीचं बोलू."

वाट म्हणजे गुरवाट. वाड्यावरची गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या, तळ्यावर जायची. प्यायला तिथे, डुंबायला तिथे, औषध लावून धुवायलाही तिथेच. मधली जमीन विकली गेली, रिसॉर्ट आले, तारेचे कुंपण पडले आणि सड्यावर जायला डोंगराला वळसा घालून दीड तासाची चाल झाली. तेव्हापासून गुरे ओढ्यावर येऊ लागली; औषधाच्या दिवशी मात्र यंदापर्यंत ती वळशानेच सड्यावर नेत असत.

"पर इख त्यांनी न्हाई कालवलं," सगुणाबाई म्हणाली.

"त्ये कुनाला ठावं हाय?" धनाजीने आवाज चढवला. "आपल्या हितल्या मान्सास्नी. बास झालं की."

"तुमी कायबी बोलू नगा," संपत समजुतीने म्हणाला. "तुमी फकस्त आकडा सांगायचा. त्यो तर खराच हाय न्हवं? पयल्या जागी किती, दुसऱ्या जागी किती, तिसऱ्या जागी शून्य. बाकी आमी बघतो."

शेजारची सारजाबाई कुडापाशी उभी राहून ऐकत होती. तिच्या दोन म्हशी कुंपणाच्या तारेत अडकून फाटल्या होत्या, त्यातली एक गेली. "सगुणे," ती म्हणाली, "देवानं हातात दिलंय, सांडू नगंस."

सगुणाबाईने मान हलवली. तिला ते पटलेही होते. आकडा खरा होता. खेकडे मेले होते. वाट बंद होती. यातले काहीच खोटे नव्हते.

आठ दिवसांनी तहसील कचेरीतले साहेब आले. सोबत एक कारकून, रिसॉर्टचा व्यवस्थापक, आणि बोलावल्यावरून नूतन. वाड्यावरची तीसेक माणसे डोहाभोवती जमली. रिसॉर्टच्या भिंतीतून पाइप बाहेर आला होता आणि त्यातून करडे पाणी ठिबकत होते. संपतने ते साहेबांना दाखवले, मोबाईलवर मेलेल्या खेकड्यांचे फोटो दाखवले. व्यवस्थापक म्हणाला की पाणी गाळूनच सोडतात. लोक हसले. साहेबांनी नूतनला म्हणणे मांडायला सांगितले.

नूतनने वही उघडली. पाण्याच्या तपासणीचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील, तोवर मी एवढेच सांगू शकते, असे म्हणून तिने तिन्ही जागांचे आकडे वाचले. मग कारकुनाला लिहून घेता यावे म्हणून सावकाश पुढचे वाक्य वाचले. "इतक्या अचानक परिणाम सहसा कीटकनाशकामुळे होतो. परंतु स्थानिक सहायक सगुणाबाई गेनू ढेबे यांच्या माहितीनुसार त्या आठवड्यात या भागात कोणत्याही औषधाचा वापर झालेला नाही."

सगुणाबाई मागे बायकांत उभी होती. ती पुढे आली.

"ताई, त्ये माज्या नावानं लिवलंय?"

"हो मावशी. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"व्हय, म्याच सांगितलं." तिने वहीकडे बोट केले. "मंग त्ये खोडा."

कुणीतरी खोकले. धनाजी दोन पावले पुढे आला. "आये."

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती साहेबांकडे वळून म्हणाली, "गोचिडीचं आवषीद हुतं. अकरा जनावरं हितं धुतली. आमचीच. पारडाचं दावं माज्या हातात हुतं. ताईंनी इचारलं तवा म्या न्हाई म्हनलं, त्ये खोटं हुतं."

 कारकून भराभर लिहू लागला.

"म्होरलं बी लिवा," सगुणाबाई म्हणाली. "आमी जनावरं वड्यात कदी धूत न्हवतो. वर सड्यावर तळं हाय, थितं धुवायचो. ह्यांनी वाट बंद केली, म्हून हितं आलो. वाट आसती तर खेकडं मेलं नसतं. ह्ये बी लिवा."

कारकुनाने साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "बाई, वाटेचा विषय वेगळा आहे. त्याचा वेगळा अर्ज करा." पंचनाम्यात "स्थानिकांनी जनावरे औषध लावून ओढ्यात धुतल्याचे कबूल केले" एवढे एक वाक्य गेले. खाली तिचा अंगठा घेतला. व्यवस्थापकाने सगळ्यांसाठी चहा मागवला होता. वाड्यावरचे एकही माणूस त्यासाठी थांबले नाही.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. पाण्यात गोचिडीच्या औषधाचा अंश होता. रिसॉर्टला पाइपाबद्दल एक नोटीस गेली आणि तक्रार निकाली निघाली. कुंपण होते तिथेच राहिले.

 आपल्या वाटणीच्या म्हशी धनाजीने महिन्याभरात विकल्या. मित्राच्या ओळखीने नसरापूरला टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि खोली घेतली. निघताना कोमलने सासूच्या पाया पडून "येते आत्याबाई" म्हटले. धनाजी खाली टेम्पोत बसून राहिला. सगुणाबाईजवळ दोन म्हशी उरल्या. संपत वाटेत दिसला की मोबाईल कानाला लावायचा. सारजाबाईचा आणि तिचा कूड एकच होता, तिथून रोज विस्तव, ताक, मीठ इकडचे तिकडे व्हायचे. ते थांबले.

नूतन नेमाने येत राहिली. पहिल्याच खेपेला ती म्हणाली, "मी तुमचं नाव घालायला नको होतं, मावशी. माझ्यामुळं झालं हे सगळं."

"नाव घातलं त्ये बरं केलं," सगुणाबाई थाळा पुढे सरकवत म्हणाली. "बिगरनावाचं आसतं तर ऱ्हायलं आसतं तसंच."

नूतनने वही उघडली. तिने तारीख लिहिली.

तिसऱ्या जागी श्रावणापर्यंत शून्यच येत राहिले. पावसाने ओढा धुऊन काढला. भाद्रपदात एका दगडाखाली दोन टिकल्या सापडल्या, आश्विनात नऊ. सगुणाबाईने ते इतर आकड्यांसारखेच, आवाजात चढउतार न करता सांगितले. खेकडे मात्र अजून दिसत नव्हते.

कार्तिक लागला तशा गोचिडी पुन्हा मातल्या. सगुणाबाईने एका सकाळी दोन्ही म्हशी घरामागच्या खडकाळ माळावर, ओढ्यापासून लांब, पळसाला बांधल्या. औषध लावले. मग हंडा घेऊन ओढ्यावर गेली. एक म्हैस नीट धुवायला सात हंडे लागतात. चढ उभा होता आणि तिची साठी उलटली होती. दर खेपेला ती अर्ध्या चढावर थांबायची, डोक्यावरचा हंडा न उतरवता दम घ्यायची आणि पुन्हा चालू लागायची. म्हशीवरून ओघळलेले पाणी खडकातल्या लाल मातीत जिरून जात होते.

दुसऱ्या म्हशीच्या वेळी, दहाव्या की अकराव्या खेपेला, ती वर येत असताना वाटेत सारजाबाई समोर आली. वाट एका माणसापुरतीच होती. भरला हंडा डोक्यावर असल्याने सगुणाबाई आपल्या जागी उभी राहिली. सारजाबाई बाजूच्या कारवीच्या झुडपांत पाय रोवून उभी राहिली आणि तिला पुढे जाऊ दिले.  तिने सगुणाबाईकडे पाहिले नाही.

सगुणाबाई वर पोचली. हंडा म्हशीच्या पाठीवर रिता करताना तिची नजर पलीकडे गेली. माळाच्या दुसऱ्या टोकाला, बोरीच्या झाडाखाली, सारजाबाईची म्हैस बांधलेली होती. तिच्या अंगावर औषधाचे पांढरट ओघळ होते. थोड्या वेळाने सारजाबाई डोक्यावर हंडा घेऊन चढावरून वर आली आणि सरळ त्या बोरीकडे गेली.

सगुणाबाईने रिकामा हंडा उचलला आणि ती पुढच्या खेपेला निघाली.