पेजेची निवळ

"काका, चपला काढा."

तुकारामने ऐकू न आल्यासारखं केलं. चपलांचे पाव किलो तरी भरतील, एवढीच त्याची आशा. पण आहार सांगणाऱ्या रुचिता मॅडम खमक्या होत्या. चपला निघाल्या आणि काटा अडतीसवर थांबला.

महिन्यापूर्वी तो एक्केचाळीसवर होता. अन्ननलिकेतली गाठ काढायची तर वजन त्रेचाळीस हवं, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून नाकातून पोटात नळी घातली, आणि त्या नळीतून भरवायचं काम बायकोकडे, नलूकडे आलं. आज ऑपरेशनची तारीख मिळेल म्हणून दोघं म्हसळ्याहून पहिल्या एसटीने मुंबईला आली होती.

"मावशी, काय देता काकांना?"

"निवळ," नलू ठसक्यात म्हणाली. "दर दोन तासांनी. फडक्यातून दोनदा गाळते. एक कण जात न्हाय."

"निवळ म्हणजे?"

"पेजेवरचं पाणी."

रुचिताने पेन खाली ठेवलं. "मी कागदावर लिहून दिलं होतं ना? भात, डाळ, अंडं, सगळं मिक्सरमधून काढून?"

दिलं होतं. पहिले तीन दिवस नलूने तसंच केलंही. चौथ्या दिवशी नळी तुंबली. माणगावला नेऊन बदलताना तुकारामच्या नाकातून रक्त आलं, आणि तीस वर्षं सुपारीवर चढणारा तो गडी लहान पोरासारखा विव्हळला. नलूला ते बघवलं नाही. घरी येऊन ती विचार करत बसली आणि तिला नवऱ्याचीच शिकवण आठवली.

दिघीजवळच्या सुपारीच्या एका वाडीत तुकाराम शिपण्याच्या, म्हणजे झाडांना पाणी द्यायच्या कामावर होता. मासळीचं खत तो कधी तसंच घालायचा नाही. पाण्यात कुजवायचं, गाळायचं, पातळ करायचं. "झाड चावत न्हाय, नले, पितं. मुळाला पातळ दिलं तर शेंड्यापातूर चढतं. घट्ट दिलंस तर जळंल." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याच्या हातच्या सुपाऱ्या पंचवीस हात उंच गेल्या होत्या आणि शेंड्याला हिरव्यागार होत्या. मग जे झाडाला मानवतं ते माणसाला का मानवू नये?

नलूने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. रुचिताचा राग कुठल्या कुठे गेला.

"मावशी, झाड खालून पाणी आणि त्यात विरघळलेलं खत, एवढंच मागतं. जेवण ते वर पानात, उन्हावर आपलं आपण रांधतं. माणसाला पानं नसतात हो. त्याला सगळं आयतंच द्यावं लागतं."

रुचिताने पुन्हा पेन उचललं.

"आणि खालचा भात? तो कुठं जायचा?"

"मीच खायची," नलू म्हणाली. "टाकवंना."

त्यानंतर तिने पदर तोंडाशी धरला तो खाली घेतला नाही. या बाईला दोष देणाऱ्याची जीभ झडावी, असं ही गोष्ट सांगताना मला वाटतं.

मोठ्या डॉक्टरांनी स्कॅनचे नवे फोटो उजेडाशी धरले. गाठ पसरली होती. आता वजन वाढलं तरी उपयोग नाही, घरी न्या, त्यांना उपाशी ठेवू नका, असं ते हळू आवाजात म्हणाले.

बाहेरच्या बाकावर नलूने नवऱ्याला विचारलं, "अवो, भूक लागायची न्हाय तुमाला?"

"लागायची." त्याचा आवाज पार बसला होता.

"रोज?"

"व्हय."

"मंग बोललात का न्हाय?"

तुकारामने नाकातल्या नळीला बोट लावलं. "नळी बदलली त्या दिशी तू लय रडलीस."

घरी आल्यावर नलू भात, डाळ, अंडं बारीक करून देऊ लागली. नळी तुंबू नये म्हणून प्रत्येक वेळी मागून कोमट पाणी सोडायची. स्वतः मात्र चहाशिवाय काही घेईना. दोन दिवस तुकारामने पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती भरलेली सिरिंज घेऊन आली, तर त्याने नळी दोन बोटांत गच्च दाबून धरली.

"आदी तू."

"माजं जेवण झालंय."

त्याने बोटं सोडली नाहीत. शेवटी नलूने ताट वाढून आणलं, त्याच्यासमोर मांडी घातली आणि एक घास तोंडात घेतला. ती तो नुसताच घोळवत राहिली. तुकाराम तिच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरलेला दिसला, तेव्हा त्याने नळी सोडली.