चिकटहरण महाराजांचा सैल दोरा

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका शेडपुढे अशी गर्दी लोटली, की आत शिरलेलं करडू बोकड होऊन बाहेर पडलं. खोटं वाटतं? मग पुढचं ऐका. ते खरं आहे, हीच तर पंचाईत.

आत चिकटहरण महाराज परातीत कणकेचा गोळा चोळून चोळून धूत. पांढरं पाणी वाहून जाई आणि हातात उरे रबरासारखा लांबणारा लोळा. तो सगळ्यांच्या नाकापुढे नाचवत ते गरजत, "हीच ती सूज! गहू खाता, हा चिकटा अंगात बसतो अन् पाणी धरतो. गहू सोडा, सूज सोडेल!"

मग संध्याकाळी कापडाच्या मागावरून सुटलेल्या कामगारांच्या घोट्यांना ते सुताचा दोरा घट्ट बांधत. सकाळी दोरा सैल! जयजयकाराने पत्रे थरथरत.

माझा शेजारी महिपती मागावर होता. त्याची बायको बजाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिची मूत्रपिंडं बिघडलेली. दवाखान्यातल्या डॉक्टर पद्मजाबाईंनी गोळ्या देऊन मीठ बंद केलं होतं. महाराज म्हणाले, "गोळ्या गटारात टाक. मीठ खुशाल खा. फक्त गहू नको." अन् तिच्याही घोट्याला दोरा बांधला.

आठवडाभरात तिचा चेहरा सुजला. मीच डॉक्टरीणबाईंना सकाळी त्यांच्या घरी आणलं.

"महिपती, हिचे डोळे उघडत नाहीत, दिसतंय का?"

"पर दोरा बगा की, बाई! बोट जातंय आत!"

"बजाबाई, गहू शेवटचा कधी खाल्लास?"

"दिवाळीला. एक पोळी. त्यातलीबी निम्मी पोरांनी पळवली."

"बारा महिने ज्वारीची भाकरी खाणारी तू. मग सोडलंस काय?"

बजाबाई विचारात पडली. हळूच म्हणाली, "मीठ सोडल्यालं, त्ये धरलं."

बाई उठल्या. "हिला आजच मोठ्या दवाखान्यात न्या."

"महाराजांना इचारून नेतो," महिपती म्हणाला.

त्या संध्याकाळी बाई शेडवर आल्या. मागावरच्या काही गड्यांना त्यांनी पोटभर चपात्या चारल्या आणि त्यांच्या घोट्यांना दोरे बांधले. सकाळी सगळे दोरे सैल! बाई म्हणाल्या, "दिवसभर उभं राहून अंगातलं पाणी पायांत साचतं अन् ते सुजतात, रात्री आडवं झालं की उतरतात. त्यात गव्हाचा काय संबंध? अन् लोळा म्हणाल, तर कुठलीही कणीक धुवा, उरतोच. काहींच्या आतड्याला गहू खरंच सोसत नाही. त्यांना आम्हीच तो सोडायला सांगतो, पण तपासून. मूत्रपिंडाची सूज त्यानं जात नाही."

मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात त्याच गड्यांतला निंगप्पा मागून ओरडला, "बगितलं का! गहू खाल्ल्याल्यांनाबी गुण आला! महाराजांची किरपा लई मोटी!"

पत्रे पुन्हा थरथरले. महाराजांनी डोळे मिटून आशीर्वाद दिला, बाईंनासुद्धा.

महिपती विचारायला आदल्या दिवसापासून रांगेत उभा होता. त्याचा नंबर लागायच्या आत बजाबाई गेली. मी पोचलो तेव्हा तो तिच्या पायाशी बसून दोऱ्यात बोट फिरवत होता. "सैल हाय की, आबा," एवढंच मला म्हणत होता. चेहऱ्यावरचं फडकं त्याने उचललंच नाही.

शेडपुढची रांग त्या संध्याकाळीही होती. थोडी लांबच झाली होती.

तेव्हा बाबांनो, आयुष्यभर मी थापा मारल्या, पण त्या ऐकून कोणी औषध टाकलं नाही. दोरा सैल पडला तर एवढंच विचारा, न बांधता काय झालं असतं? काही सोडायला सांगितलं, तर ते आपण धरलं होतं का, हे आठवा. आणि माणूस सुजला, तर दोऱ्याकडे नको, त्याच्या तोंडाकडे बघा.