उजवीकडची गाठ

भिकुबाईच्या हातांना स्वस्थता म्हणून नव्हती. धरणगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत बसायची धुळीची हिंमत नव्हती. ओटा पुसला की फडकं धुवायचं, फडकं धुतलं की बादली घासायची. नवरा, अभिमन, वैतागून म्हणायचा, "बस ना व एका जागे!" मग ती बसायची, आणि बसल्या बसल्या त्याच्या शिलाई मशीनखालचे दोऱ्याचे तुकडे वेचायची.

आता अशा बाईच्या घरात जखम आली म्हणजे काय होणार, सांगा!

अभिमन शिंपी. साठी उलटलेला, दहा वर्षांपासून शुगरचा पेशंट. मशीनखाली पडलेली तुटकी सुई तळव्यात घुसली आणि पाय बधिर असल्यामुळे त्याला चार दिवस पत्ताच लागला नाही. मग पू, मग ताप, मग जळगावचा दवाखाना. करंगळी काढावी लागली ती लागलीच. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी एसटीनं पट्टी बदलायला जाणं. महिना झाला, शुगर आटोक्यात आली, रक्तही पायापर्यंत नीट पोचत होतं, पण जखम होती तिथेच. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, "पुढच्या शनिवारपर्यंत नवं मांस धरलं नाही, तर पावलाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागेल."

भिकुबाईनं नवऱ्याच्या पायाकडे बघितलं. पायानं मशीन चालवूनच तर हा माणूस आयुष्यभर जगला होता. मशीनपासून उठवला तर तो जगायचा कसा?

डॉक्टर गेले. गेल्या खेपेपासूनच पट्टी करायला लागलेली नर्स रुखसार पायाशी बसली. पट्टीला हात लावायच्या आधी ती गाठीकडे बघतच राहिली.

"मावशी, मी डावखुरी आहे. माझी गाठ डावीकडे येते. ही उजवीकडे आहे. कोण सोडतं ही पट्टी?"

भिकुबाईला खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. "मीच सोडते माय. रोज सकाळी. कोमट पाण्यानं चांगली घासून काढते. रात्रीतून चिकट, तांबडं काहीबाही धरतं, ते निघेपर्यंत. घाण तशीच ठेवू का?"

"अरे देवा!" अभिमन म्हणाला. त्याला वाटत होतं, बायको नुसतं वरवर पुसते. बधिर पायाला काय कळणार?

रुखसार चिडली नाही. चिडली असती तर भिकुबाईला बरं वाटलं असतं.

"मावशी, जखम झाली की रक्तातून काही पेशी तिथे येतात. मॅक्रोफेज म्हणतात त्यांना. आधी त्या जंतू गिळतात, मेलेलं मांस खातात, म्हणून जागा लाल होते, सुजते. ते काम सरलं की दुसऱ्या स्वभावाच्या मॅक्रोफेजची पाळी. पुष्कळदा आधीच्याच पेशी आपला स्वभाव बदलतात. मग आग निवते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मांस भरतं. शुगरच्या माणसात पहिल्या स्वभावाच्या लवकर हटतच नाहीत. त्यात तुम्ही रोज घासता. शरीराला वाटतं, आजच लागलंय. पुन्हा पहिल्यापासून सुरू."

भिकुबाई तोंडाला पदर लावून बसली. परतीच्या एसटीत सारा वेळ नवऱ्याच्या पायाची वैरीण आपणच, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

पण जित्या माणसाचे हात असे थांबतात होय! दुसऱ्याच दिवशी तिनं डबे उतरवले, पुसले, लावले, परत उतरवले. दर घटकेला नजर पट्टीवर. आत पू तर होत नसेल? वास तर येत नाही? दुपारी अभिमनचा डोळा लागला तशी ती पायाशी जाऊन बसली. बोटं गाठीवर गेलीसुद्धा.

"भिकू."

तिनं हात मागे ओढला.

"कच्चा टाका रोज उसवला तर सदरा कधी होईल व?" अभिमननं मशीनजवळचं गाठोडं काठीनं तिच्याकडे ढकललं. गिऱ्हाइकांचे सैल करायला आलेले ब्लाउज होते. "उसवायचंच शे ना तुले? हे उसव."

तिनं उसवले. रडत रडत उसवले. गिऱ्हाइकांचे संपले तेव्हा स्वतःचेही काढले. मधल्या खेपेला पट्टी बदलताना रुखसारनं तिला बाहेरच बसवलं आणि आत काय दिसलं ते काही केल्या सांगितलं नाही. भिकुबाईनं तिथला बाक पदरानं तीनदा पुसला.

शनिवारी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. गाठ डावीकडे होती. रुखसारनं पट्टी उलगडली, डॉक्टर वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "भरतंय. पाय काढायची गरज नाही."

अभिमनला आपला तळवा दिसत नव्हता, की त्याला तिथलं काही कळत नव्हतं. त्यानं बायकोला विचारलं, "कसं शे व?"

भिकुबाई पुढे झाली. जखमेच्या तळाशी ओलं, तांबडं, दाणेदार काहीतरी धरलं होतं. तिनं ते लगेच ओळखलं. महिनाभर रोज सकाळी पाहिलं होतं.

"तांबडं शे," ती म्हणाली. "मी रोज घासून काढायची ना, तेच."



"आता राहू दे," अभिमन म्हणाला.